आवाज हरवलेला लॅपटॉप : एका रिफर्बिश्ड संगणकाचे आणि साडेतीनशे रुपयांच्या साउंड कार्डाचे परीक्षण

२०२५च्या मे महिन्यात पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून मी चौदा इंची रिफर्बिश्ड लॅपटॉप एकवीस हजार पाचशे रुपयांना घेतला. दहाव्या पिढीचा आय५-१०२१०यू प्रोसेसर, आठ जीबी मेमरी, २५६ जीबीच्या एनव्हीएमई डिस्कवर भरून दिलेले विंडोज, आणि शिवाय अडीच इंची डिस्क बसवण्याची मोकळी जागा, असा हा सौदा होता. त्या मोकळ्या जागेसाठीच मी हे मॉडेल निवडले, कारण माझ्या आधीच्या, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपमधली एसएसडी मला तशीच उचलून यात बसवायची होती. त्या डिस्कवर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती होती, माझी सगळी कामे होती आणि पाच-सहा वर्षांत हळूहळू जमवून आणलेली मांडणी होती. मी भाषांतरे करते आणि त्यांतली काही लेखनं स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रित करते, त्यामुळे माझ्या दृष्टीने लॅपटॉपला पडदा आणि कळफलक जितका आवश्यक, तितकाच आवाजही.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगून टाकते. कळफलक उत्तम आहे, पडदा जरा फिका आहे, बॅटरी साडेतीन तास टिकते आणि बिजागऱ्या घट्ट आहेत. एका कोपऱ्यात चरा आहे, तो दुकानदाराने आपणहून दाखवला होता. वाय-फाय डेबियनवर पहिल्या दिवशीच चालू झाले. आवाजाचे मात्र तसे झाले नाही, आणि या परीक्षणाचा मोठा भाग त्याबद्दलच आहे.

दुकानात विंडोजवर दुकानदाराने एक गाणे वाजवून दाखवले होते आणि माझ्या देखत दोन वाक्ये माइकवर ध्वनिमुद्रित करून ऐकवली होती. घरी येऊन मी माझी एसएसडी बसवली, डेबियन सुरू केले, आणि ग्नोम या त्यातल्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ध्वनीच्या पानावर एकच उपकरण दिसले : ‘डमी आउटपुट’. ज्यांनी लिनक्स वापरले आहे त्यांना या दोन शब्दांची ओळख असेल. त्यांचा अर्थ इतकाच, की ध्वनी सांभाळणाऱ्या पाइपवायर या सेवेला एकही खरे साउंड कार्ड मिळालेले नाही, आणि गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमांनी कोलमडू नये म्हणून तिने एक खोटे कार्ड पुढे केले आहे. खेळण्यातल्या फोनवर बोलावे तसा आवाज तिकडे जातो आणि संपतो.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. दुकानदार सौजन्याने वागला, पण त्याचे उत्तर ठरलेले होते. ‘मॅडम, विंडोजवर मी तुम्हाला वाजवून दाखवलं ना? लिनक्सवर आवाजाची गॅरंटी आम्ही नाही देत. याच्यातला साउंडचा चिप लिनक्सला चालत नाही.’ मग ड्रॉवरमधून त्याने अंगठ्याएवढे एक यूएसबी साउंड कार्ड काढले, एका बाजूला यूएसबीचे टोक आणि दुसऱ्या बाजूला हिरवे-गुलाबी असे दोन जॅक असलेले, आणि ‘हे लावा, काम होऊन जाईल’ असे म्हणत साडेतीनशे रुपयांना दिले. त्यावर कंपनीचे नाव नव्हते, आत्ताही नाही.

या कार्डाबद्दल आधी न्याय्य बोलायला हवे, कारण ते खरोखर लावताक्षणी चालले. यामागचे कारण साधे आहे. यूएसबीवरून ध्वनी कसा पाठवायचा याचे एक सर्वमान्य मानक आहे, आणि जे उपकरण ते पाळते त्याला कंपनीगणिक वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्समधले ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’ हे एकच मॉड्यूल, म्हणजे गरजेप्रमाणे जोडला जाणारा ड्रायव्हर, अशा शेकडो उपकरणांना पुरते. मी कार्ड लावले आणि टर्मिनलवर डीमेसेज ही यंत्राच्या अंतर्गत नोंदी दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली, तेव्हा उपकरण ओळखल्याच्या ओळींपाठोपाठ हे मॉड्यूल दाखल झाल्याची नोंद होती, आणि ‘एप्ले’ या ध्वनी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला कार्डांची यादी विचारल्यावर तिथे शून्य क्रमांकावर ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ असे नाव उभे राहिले. ऐकण्यासाठी ते पुरेसे होते. ध्वनिमुद्रणासाठी मात्र नव्हते : माइकची वाट एकमार्गी, म्हणजे मोनो आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण शांत खोलीतही मागे एक बारीक सरसर येते, आणि लॅपटॉप चार्जिंगला लावला की तिच्यात एक गुणगुण मिसळते. शिवाय लॅपटॉपच्या कडेला बाहेर आलेला तो अंगठा दप्तरात घालताना दोनदा वाकता वाकता वाचला. प्रवासात गाणी ऐकायला ठीक, वाचन ध्वनिमुद्रित करायला नाही, असा त्याचा निकाल मी आठवड्याभरात लावला.

आणि मुळात मला दुकानदाराचे म्हणणे पटले नव्हते. ‘लिनक्सवर आवाज येत नाही’ या एका वाक्यात निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, चिप दिसतच नसेल. दिसत असेल, पण तिच्यासाठीचे मॉड्यूल जोडले गेले नसेल. मॉड्यूल जोडले गेले असेल, पण चिपला लागणारे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आत चालणारा प्रोग्रॅम, डिस्कवर नसेल. हे सगळे व्यवस्थित असूनही मिक्सरमध्ये, म्हणजे आवाजाच्या पातळ्या खांबांनी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एखादा खांब मुका असेल, किंवा आवाज एचडीएमआयच्या वाटेने निघून जात असेल. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि कोणता तो ठरवल्याशिवाय इंटरनेटवरून उचललेल्या ओळी सेटिंगच्या फाइलींत चिकटवत राहिले, तर पुढे त्याच ओळी आपल्याला गाठतात. मला त्या कशा गाठल्या हे पुढे येईलच.

सगळ्यांत उपयोगी ठरली ती तपासणी दहा मिनिटांची होती, आणि ती मी दुकानातच करायला हवी होती. डेबियन १२ची लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणारी, प्रत मी पेन ड्राइव्हवर उतरवली आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. आवाज लगेच आला, स्पीकरमधूनही आणि माइकमधूनही. तोच कर्नल, ६.१ या मालिकेतला, तेच यंत्र, फरक फक्त डिस्कचा. म्हणजे चिप लिनक्सला चालत होती, कर्नलमध्ये ड्रायव्हर होता, आणि जो काही दोष होता तो माझ्याच डिस्कवर, मीच जमवून आणलेल्या त्या मांडणीत होता. दुकानदाराला मनातल्या मनात लावलेली बोलणी मी तिथेच मागे घेतली.

मग माझ्या डिस्कवरून पुन्हा सुरू करून डीमेसेजमधल्या फक्त ‘एसएनडी’ आणि ‘सॉफ’ असे शब्द असलेल्या ओळी गाळून काढल्या. त्यांतल्या दोन ओळींत सगळी गोष्ट होती. पहिली ओळ एसएनडी-एचडीए-इंटेल या जुन्या, भरवशाच्या मॉड्यूलची होती, आणि तिचा आशय असा, की स्कायलेक या इंटेलच्या जुन्या पिढीनंतरच्या या यंत्रात डिजिटल माइक आढळले आहेत, म्हणून एसओएफ ड्रायव्हर (तो काय ते पुढे सांगते) वापरला जात आहे. दुसरी ओळ त्या एसओएफ ड्रायव्हरची होती : ‘सॉफ-सीएमएल’ नावाची फर्मवेअरची फाइल मागितली, ती मिळाली नाही, चूक क्रमांक उणे २. लिनक्समध्ये उणे २ म्हणजे ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’. इतकी सरळ तक्रार एखाद्या यंत्राने क्वचितच केली असेल, आणि पडद्यावर मात्र तिचे ‘डमी आउटपुट’ झाले होते.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण या पिढीचे लॅपटॉप घेणाऱ्या अनेकांना हेच अनुभवायला मिळू शकते. २००४ साली इंटेलने एचडी ऑडिओ हे मानक आणले आणि त्याआधीच्या एसी ९७ या मानकाची जागा त्याने घेतली. त्यात प्रोसेसरच्या बाजूला एक नियंत्रक असतो आणि मदरबोर्डवर एक कोडेक, म्हणजे डिजिटल ध्वनीचा प्रत्यक्ष आवाज करणारी आणि त्याच्या उलटही करणारी चिप, असतो. स्पीकर, हेडफोन आणि जुन्या पद्धतीचा माइक हे सगळे कोडेकला जोडलेले असतात. ही व्यवस्था एसएनडी-एचडीए-इंटेल हे मॉड्यूल वर्षानुवर्षे सांभाळत आले आहे. पुढे लॅपटॉपच्या झाकणात, कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना, बारीक डिजिटल माइक बसू लागले, आणि ते कोडेकला न जोडता थेट इंटेलच्या चिपमधल्या डीएसपीला, म्हणजे ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या प्रोसेसरला जोडलेले असतात. त्या डीएसपीला स्वतःचा प्रोग्रॅम लागतो. तो म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, अर्थात एसओएफ. हा प्रकल्प २०१८मध्ये जाहीर झाला. त्याचा सोर्स खुला असला, तरी बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपांवर इंटेलच्या किल्लीने स्वाक्षरी केलेली प्रतच चालते, म्हणून ती वेगळ्या पॅकेजातून घ्यावी लागते.

कर्नल सुरू होताना यंत्राच्या फर्मवेअरमधल्या नोंदी पाहतो, डिजिटल माइक आहेत का ते ठरवतो, आणि निदान माझ्या पिढीच्या चिपवर, माइक असतील तर एसओएफ आणि नसतील तर जुने मॉड्यूल निवडतो. यामुळे होते काय, की एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांपैकी एकावर सगळे आपोआप वाजते आणि दुसरा मुका राहतो, कारण एकाच्या झाकणात डिजिटल माइकची जोडी आहे आणि दुसऱ्याच्या नाही. ‘माझ्याकडे तर चाललं’ असे सांगणारा मित्र आणि ‘माझ्याकडे नाही’ म्हणणारे आपण, दोघेही खरे बोलत असतो.

फर्मवेअर माझ्या डिस्कवर का नव्हते, हे आता उलगडले. माझ्या जुन्या लॅपटॉपला एसओएफची गरजच नव्हती. त्यावर मी डेबियनची जुनी आवृत्ती टाकली होती आणि नंतर तिचेच १२ केले होते. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२मध्ये अशी बंदिस्त फर्मवेअर ‘नॉन-फ्री’ या विभागातून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात ठेवली गेली. नव्याने स्थापना करणाऱ्यांना तो विभाग आपोआप मिळतो आणि लागेल ते फर्मवेअर स्थापनेच्या वेळीच येते. माझ्यासारख्या जुन्यावरून नव्यावर आलेल्यांना, पॅकेजे जिथून घ्यायची त्या स्रोतांच्या यादीत तो शब्द स्वतः लिहावा लागतो. मी लिहिला नव्हता. प्रकाशन-टिपांमध्ये हे स्पष्ट सांगितलेले होते, आणि त्या मी वाचल्या नव्हत्या.

त्या रात्री घरचे इंटरनेट बंद होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक ध्वनिमुद्रण द्यायचे होते, म्हणून मी तात्पुरती आडवाट घेतली. एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी या मॉड्यूलला ‘डीएसपी-ड्रायव्हर बरोबर १’ असा पर्याय मॉडप्रोबच्या, म्हणजे मॉड्यूल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या आज्ञेच्या, फोल्डरमधल्या एका फाइलीत लिहून दिला, की कर्नल एसओएफचा नाद सोडून जुने मॉड्यूल वापरतो. स्पीकर आणि हेडफोन सुरू होतात. झाकणातले डिजिटल माइक मात्र जातात, कारण त्यांच्यापर्यंत जुन्या मॉड्यूलचा हात पोहोचत नाही. अनेक ठिकाणी हाच उपाय ‘कायमचा इलाज’ म्हणून सुचवलेला आढळतो. ज्यांना फक्त ऐकायचे आहे त्यांचे त्यावर भागेल. व्हिडिओ कॉल करणाऱ्यांचे भागणार नाही.

यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा ग्नोममध्ये खरे कार्ड दिसू लागले, पण ध्वनिमुद्रणाची माझी छोटी स्क्रिप्ट ‘कार्ड शून्य सापडत नाही’ असे म्हणून थांबली. कार्डांच्या यादीत पाहते तो लॅपटॉपमधले एकमेव कार्ड एक क्रमांकावर बसलेले, आणि शून्याची जागा रिकामी. यूएसबीचा अंगठा मी काढून ठेवला होता, त्यामुळे त्याच्यावर आळ घेण्याची सोय नव्हती. मॉडप्रोबच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकेक करून उघडल्या, तेव्हा तिसऱ्या फाइलीत माझ्याच हातची, पाच वर्षांपूर्वीची ओळ सापडली : एसएनडी-एचडीए-इंटेल, इंडेक्स १, ०.

ती ओळ लिहिली तेव्हा बरोबर होती. चौथ्या पिढीच्या त्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआयसाठी एक आणि स्पीकरसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र नियंत्रक होते, आणि एचडीएमआयचा आधी ओळखला जाऊन शून्य क्रमांक पटकावत असे; मग न जोडलेल्या टीव्हीकडे आवाज जायचा आणि स्पीकर गप्प बसायचे. त्या दोघांची अदलाबदल करायला मी पहिल्याला एक आणि दुसऱ्याला शून्य दिले होते. नव्या यंत्रात एकच नियंत्रक आहे, एचडीएमआय त्याच्याच पोटात आहे. त्याने निमूटपणे पहिला आकडा, म्हणजे एक, घेतला. यंत्र बदलले, डिस्क तीच राहिली आणि जुन्या दुखण्यावरचे औषध नव्या देहाला चढत राहिले. त्या ओळीच्या वर ‘हे का लिहिले’ अशी एक टीप तरी मी लिहायला हवी होती. आता लिहिते.

ओळ काढल्यावर मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवून पाहावे म्हटले, तर मॉडप्रोबने ‘मॉड्यूल वापरात आहे’ असे सांगून नकार दिला. चढलेली मॉड्यूल दाखवणाऱ्या एलएसमॉडच्या यादीत मॉड्यूलच्या नावापुढे ते किती जणांनी धरून ठेवले आहे याचा आकडा असतो. धरणारे पाइपवायर आणि तिच्या कार्डांचा कारभार पाहणारा वायरप्लंबर होते. नुसती पाइपवायर सेवा थांबवून भागत नाही, कारण तिचे सॉकेट, म्हणजे तिला हाक मारण्याचे दार, चालू असेल तर पुढचा कोणताही प्रोग्रॅम तिला पुन्हा जागे करतो. सेवा, सॉकेट आणि वायरप्लंबर असे सगळे एकत्र थांबवावे लागते. पुढच्या वेळी मी सरळ यंत्रच पुन्हा सुरू केले. त्याला तीस सेकंद लागतात.

सकाळी इंटरनेट आल्यावर स्रोतांच्या यादीत नवा विभाग लिहिला, ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ हे पॅकेज घेतले, आदल्या रात्रीची डीएसपी-ड्रायव्हरची फाइल खोडली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. कार्डाचे नाव आता ‘सॉफ-एचडीए-डीएसपी’ असे आले, शून्य क्रमांकावर, आणि झाकणातले माइकही जागे झाले. स्पीकर मात्र अजूनही गप्प. टर्मिनलवर अल्सामिक्सर हा मिक्सर उघडला, तर दोन-तीनच खांब दिसले, कारण तो आधी पाइपवायरचे आभासी कार्ड दाखवतो. एफ६ दाबून खरे कार्ड निवडल्यावर पूर्ण रांग आली, आणि ‘स्पीकर’ या खांबाच्या पायथ्याशी ‘एमएम’ ही दोन अक्षरे होती. एम म्हणजे म्यूट. कळफलकावरची एमची कळ दाबली, तिथे हिरवे ‘ओओ’ झाले, आणि चाचणीच्या प्रोग्रॅममधल्या बाईंनी आधी डाव्या आणि मग उजव्या स्पीकरमधून आपापली जागा सांगितली. कर्नल, मॉड्यूल, डीएसपी, फर्मवेअर एवढा प्रवास केल्यावर शेवटची कडी एका कळीची निघाली.

आता लॅपटॉपच्या आवाजाची गुणवत्ता. स्पीकर खाली तोंड करून बसवलेले आहेत, त्यामुळे टेबलावर बरे आणि मांडीवर दबलेले वाजतात. बोलणे स्वच्छ ऐकू येते, तबल्याचा बायाँ जवळजवळ नाहीसाच होतो. डिजिटल माइक अपेक्षेपेक्षा चांगले आहेत. पंखा शांत असताना एक हात अंतरावरून केलेले वाचन त्या अंगठ्याएवढ्या कार्डावरच्या वाचनापेक्षा स्पष्टपणे सरस आहे, सरसर नगण्य आहे आणि चार्जर लावल्याने काही फरक पडत नाही. मात्र पंखा वाढला की तो मुद्रणात उतरतो. कच्च्या वाचनासाठी मी हेच माइक वापरते.

एक खोड मात्र राहिली होती. संपादन करताना मी वाक्य ऐकते, थांबते, विचार करते आणि पुन्हा ऐकते. अशा प्रत्येक विरामानंतर पहिले अक्षर गिळले जायचे, ‘परंतु’चे ‘रंतु’ व्हायचे, आणि हेडफोनमध्ये एक बारीक ‘टक’ वाजायचा. पाच सेकंद काही वाजले नाही की वायरप्लंबर कार्डाला निजवतो आणि पुन्हा जागे व्हायला कार्डाला क्षणभर लागतो, हे त्याचे कारण. गाणी ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही, पण शब्दागणिक ऐकणाऱ्याला वेड लागायची पाळी येते. वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये ही मुदत शून्य केली, म्हणजे निजवणेच बंद केले, की हा त्रास थांबतो. जुन्या मॉड्यूलवर असाच त्रास झाला, तर त्याचा ‘पॉवर-सेव्ह’ पर्याय शून्य करून पाहावा.

दिवाळीनंतर मी डेबियन १३ घेतले, या वेळी प्रकाशन-टिपा वाचून. फर्मवेअर, कार्ड, क्रमांक सगळे जागच्या जागी राहिले, पण पहिल्याच संध्याकाळी पुन्हा ‘रंतु’ ऐकू आले. वायरप्लंबरच्या ०.५ या आवृत्तीपासून लुआ भाषेतल्या सेटिंगच्या फाइली वाचल्या जात नाहीत. माझी फाइल तिथेच होती, तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. नव्या पद्धतीने तीच गोष्ट लिहायला पंधरा मिनिटे लागली.

एकवीस हजार पाचशे रुपयांत हा लॅपटॉप मी पुन्हा घेईन. पाचपैकी चार गुण देते, आणि कापलेला एक गुण फिक्या पडद्याचा आहे, आवाजाचा नाही. यूएसबी कार्डाला पाचपैकी अडीच. ज्यांना लिनक्ससाठी असा जुना लॅपटॉप घ्यायचा आहे त्यांनी लाइव्ह पेन ड्राइव्ह खिशात घेऊनच दुकानात जावे, पैसे देण्याआधी त्यावरून यंत्र सुरू करावे, स्पीकर, हेडफोनचा जॅक आणि माइक तिन्ही तपासावेत. पुढच्या खेपेला चार्जर घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराला झाला प्रकार सांगितला. त्याने बिलाचे पुस्तक उलटे करून माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, ‘मॅडम, त्या पॅकेजचं नाव इथं लिहून ठेवा, महिन्यातून एखादा येतोच विचारायला.’ मी लिहून दिले, आणि त्याखाली एमची कळ दाबायलाही लिहिले.